कृष्णाकाठचे कुत्रे आणि रक्ताचा आजार

कुत्र्याची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तातील तांबड्या पेशींवर उलटली, की होणाऱ्या आजाराला स्वयंप्रतिकारजन्य रक्तक्षय म्हणतात. अशा कुत्र्याच्या तांबड्या पेशींना प्रतिपिंडे चिकटतात आणि प्लीहा व यकृतातील भक्षक पेशी त्यांना परके समजून गिळून टाकतात. निरोगी कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा साधारण 37 ते 55 टक्के असतो. या आजारात तो थोड्याच दिवसांत 15 टक्क्यांच्याही खाली जाऊ शकतो. काल अंगणभर हुंदडलेले कुत्रे आज जागचे उठत नाही. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, डोळ्यांत पिवळेपणा येतो, लघवी लालसर किंवा तपकिरी होते आणि चार पावले चालताच धाप लागते. प्लेटलेटही नष्ट होऊ लागल्या, तर पोटाच्या कातडीवर जांभळे डाग उठतात. उपचार मिळूनही एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत कुत्री दगावल्याचे अनेक अभ्यासांत नोंदले आहे. पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात.

अशा वेळी मालकाच्या पाठीशी कोण उभे राहते, याचा इतिहास शिरोळसारख्या तालुक्यातून पाहिला म्हणजे नीट उलगडतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या या तालुक्याला कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी लाभले आहे. ऊस आणि दुभती जनावरे यांवर इथली बहुतेक घरे उभी आहेत. मळ्यातल्या वस्तीवर राखणीचे कुत्रे असतेच, आणि जयसिंगपूर-कुरुंदवाडच्या घरांतून आता लॅब्राडोर, जर्मन शेफर्डही दिसतात. जनावराचे दुखणे ओळखणारी नजर इथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तरीही कुत्र्याच्या रक्ताला आजार झाला की इथला मालक एकटा पडतो. गेल्या दोनशे वर्षांत पशुवैद्यक कोणासाठी आणि कोणत्या क्रमाने वाढले, त्यात या एकटेपणाचे कारण आहे.

कुत्र्याविषयीची आस्था या भागात नवी नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी शिरोळ तालुक्यातच येते. श्रीनृसिंहसरस्वतींनी इथे बारा वर्षे वास्तव्य केल्याची श्रद्धा आहे आणि औदुंबराखालच्या त्यांच्या पादुकांची पूजा होते. दत्ताच्या तसबिरीत पाठीशी गाय आणि पायाशी चार कुत्री असतात. ती चार वेदांची रूपे मानली जातात. त्यामुळे वाडीच्या वाटेवर कुत्र्याला घास घालणे हा धर्माचाच भाग समजला जातो. श्राद्धाच्या पानातूनही गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचा घास निघतो. याच तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर बाराव्या शतकातील शिलाहारांच्या काळचे. शिलाहार ज्यांचे मांडलिक होते, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या करमणुकींच्या वर्णनात त्याने शिकारी कुत्र्यांसाठी ‘सारमेयविनोद’ असे स्वतंत्र प्रकरण दिले आहे. कृष्णेच्याच काठी वर साताऱ्याजवळ, संगम माहुलीला, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी आख्यायिका सांगतात.

या आदराला एक मर्यादा होती आणि ती स्पष्ट सांगायला हवी. घास मिळत होता, समाधीही बांधली जात होती, पण आजारी कुत्र्यावर उपचार करणारी विद्या गावपातळीवर उभी राहिली नाही. शालिहोत्राच्या परंपरेने घोड्याला वैद्य दिला, पालकाप्याच्या परंपरेने हत्तीला दिला. गाय-बैलांसाठी गावोगावी डाग देणारे, हाड बसवणारे, झाडपाला देणारे जाणकार होते. कुत्रे मात्र आजारी पडले की कोपऱ्यात जाऊन बसे. बरे झाले तर झाले.

आधुनिक काळात पश्चिम भारतात प्राण्यांच्या संस्थात्मक सांभाळाची सुरुवात झाली, ती कुत्र्यांच्याच निमित्ताने. मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे मिळत. 6 आणि 7 जून 1832 रोजी या प्रकाराविरुद्ध शहरात दंगल उसळली. पारशी पुढे होते आणि इतर समाजही त्यांच्याबरोबर उतरले. बाजार बंद पडले. त्यानंतर दोन वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पांजरपोळात निवारा आणि अन्न मिळे. रोगनिदान हे त्याचे काम नव्हते, आणि ज्याच्या घरात कुत्रे आजारी आहे त्या माणसाला तिथून काही मिळण्यासारखे नव्हते.

उपचाराची सोय पुढच्या अर्धशतकात झाली. 1874 साली मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था स्थापन झाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय निघाले आणि त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव देण्यात आले. त्याच आवारात 1886 साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, जे. एच. स्टील हे लष्करी पशुवैद्य त्याचे पहिले प्राचार्य. मुंबईकराला कुत्रे घेऊन जाण्याची एक जागा मिळाली. परंतु महाविद्यालयाला शिकवायचे होते ते लष्कराचे घोडे, ट्रामचे घोडे आणि शेतीचे बैल. इथून बाहेर पडलेले पशुवैद्य जिल्ह्यांत आणि संस्थानांत गेले, तेव्हा बुळकांडी, घटसर्प, फऱ्या या साथींशी झुंजणे हेच त्यांचे पहिले काम होते. त्या काळी बुळकांडीच्या एका साथीत गावचे गोठे रिकामे होत असत. म्हणून त्या पिढीने कुत्र्याकडे पाहिले नाही, याचा दोष तिला देता येत नाही.

सरकारी कागदांत कुत्रा आला तो पिसाळण्याच्या भीतीने. पाश्चरने 1885 साली रेबीजची लस माणसाला टोचली. भारतात कसौलीची पाश्चर संस्था 1900 साली आणि कुन्नूरची 1907 साली सुरू झाली. चावलेल्या माणसांना उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागे. या संस्थांनी असंख्य जीव वाचवले. पण कुत्र्याविषयीचा सगळा सरकारी विचार चावा, पट्टा आणि परवाना यांभोवतीच बराच काळ फिरत राहिला. त्याचे स्वतःचे दुखणे त्यात कुठे नव्हते.

आणि तरीही कुत्र्याच्या रक्ताचा अभ्यास या देशात त्याच काळात, अगदी पहिल्या रांगेत, होत होता. ग्रिफिथ इव्हान्स यांना 1880 साली डेरा इस्माईल खान येथे सर्रा नावाचा रोग झालेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. रक्तातल्या अशा परजीवीमुळे सस्तन प्राण्याला रोग होतो, हे पहिल्यांदा तेव्हा कळले. हाच सर्रा कुत्र्यांनाही होतो. एस. पी. जेम्स यांनी 1905 साली भारतातल्या कुत्र्यांच्या पांढऱ्या पेशींत राहणारा एक परजीवी वर्णिला. आज त्याला हेपॅटोझून कॅनिस म्हणतात. आणि 1910 साली डब्ल्यू. एस. पॅटन यांना मद्रास हंटच्या शिकारी कुत्र्यांच्या तांबड्या पेशींत एक बारीक परजीवी सापडला, पुढे कोल्ह्याच्या रक्तातही तोच दिसला. हा बॅबेसिया गिब्सोनाय. शिरोळच्या मालकाच्या दृष्टीने या सर्व शोधांत पॅटनचा शोध सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे कारण पुढे येईल. 1935 साली अल्जीरियात दोनातियॅं आणि लेस्तोकार यांनी कुत्र्यांतील एर्लिकिया या रक्तातील जंतूचा शोध लावला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची कुत्री या रोगाने मोठ्या संख्येने मेली, तेव्हा कुठे जगाने त्याची दखल घेतली.

या रोगांपैकी बहुतेकांचा वाहक एकच, तपकिरी गोचीड. तिच्या सवयी माहीत असणे मालकाच्या फार उपयोगाचे आहे. ती कानाच्या घडीत, पंज्याच्या बोटांमध्ये आणि पट्ट्याखाली बसते. रक्त पिऊन टम्म फुगली की अंगावरून गळून पडते आणि भिंतीवर चढून विटांच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे किंवा छपराच्या वाशाखाली अंडी घालते. एक मादी हजारांनी अंडी घालते. म्हणून कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिड्या वेचून रॉकेलच्या डब्यात टाकल्या तरी घरातली पैदास थांबत नाही. कुत्रे, गोठ्याचा कोपरा आणि भिंतीची फट या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी उपाय करावा लागतो. 2013-14 नंतर गोचिडीवर तोंडावाटे देण्याच्या नव्या गोळ्या आल्या आणि हे काम पुष्कळ सोपे झाले.

कोल्हापूर संस्थानात आणि नंतर जिल्ह्यात पशुवैद्यक वाढले ते गोठ्याच्या बाजूने. 1891 साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि शिरोळच्या माणसाला मिरज जवळ आले. तिथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिशनचे रुग्णालय सुरू केले आणि मिरज हे माणसांच्या औषधोपचाराचे मोठे केंद्र झाले. जनावरांसाठी असे केंद्र मात्र जवळपास झाले नाही. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने त्यांच्याकडे गेले. 1963 साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे गोकुळ, स्थापन झाला. संकरित गाई आल्या, म्हशींची संख्या वाढली, आणि दूध संस्थेमार्फत कृत्रिम रेतन, लसीकरण, पशुखाद्य, विमा अशी सारी व्यवस्था शेतकऱ्याच्या दारात पोहोचली. 1988 साली सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण शिरोळहून ते दीडशे किलोमीटरपेक्षा लांब आहे.

या घडणीचा परिणाम साधा आहे. म्हैस आजारी पडली तर तिच्यामागे सहकाराची सगळी ताकद उभी राहते, कारण म्हशीच्या दुधावर घर चालते. कुत्र्यामागे फक्त ते घर असते. हे सहकारी चळवळीचे अपयश नव्हे, ती त्यासाठी उभीच राहिली नव्हती. पण आज कुत्र्याच्या मालकाला जी पोकळी जाणवते, ती इथूनच आली आहे. शिवाय गोठ्यातले ज्ञान कुत्र्याला लावताना चूक होण्याचा संभव असतो. नुकत्याच व्यालेल्या म्हशीला लाल लघवी झाली, तर बहुधा फॉस्फरसची कमतरता असते आणि ते भरून काढले की म्हैस उठते. संकरित गाईला ताप येऊन रक्त कमी झाले, तर गोचीड तापाचे इंजेक्शन दिले जाते. कुत्र्याची लाल लघवी पाहून हेच आडाखे बांधले, तर मोलाचे दोन दिवस निघून जातात.

स्वतःचे शरीरच रक्त नष्ट करते, ही गोष्ट विज्ञानाला कळली ती माणसांच्या निमित्ताने, पण तिथे पोहोचवणारा माणूस मूळचा पशुवैद्य होता. रॉबिन कूम्ब्स यांनी एडिंबरोला पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि केंब्रिजला संशोधन करताना 1945 साली मुरंट आणि रेस यांच्यासह तांबड्या पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे ओळखण्याची चाचणी शोधली. तीच कूम्ब्स चाचणी. 1950 च्या दशकात अमेरिकेत कुत्र्यामध्येही असाच आजार आपोआप उद्भवतो, हे नोंदले गेले. मात्र ही चाचणी ज्या प्राण्याची, त्या प्राण्यासाठीच बनवलेल्या द्रव्याने करावी लागते. माणसाच्या प्रयोगशाळेतले द्रव्य कुत्र्याच्या रक्तावर चालत नाही. मिरज-सांगलीला माणसांसाठी उत्तम प्रयोगशाळा असूनही कुत्र्याच्या मालकाला त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही, त्याचे एक कारण हे आहे. माणसाच्या पेशींसाठी लावलेली यंत्रे कुत्र्याच्या पेशी मोजतानाही चुकू शकतात.

सुदैवाने सर्वांत जुनी तपासणी साध्या दवाखान्यातही करता येते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात सलाईनचे काही थेंब मिसळायचे आणि पट्टी हलकेच तिरपी करायची. निरोगी रक्त एकसारखे पसरते. प्रतिपिंडांनी जखडलेल्या पेशी मात्र सलाईन घातल्यावरही सुट्या होत नाहीत. काचेवर लाल रवाळ गुठळ्या डोळ्यांनाच दिसतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर कुत्र्याच्या तांबड्या पेशीच्या मध्यभागी एरवी दिसणारा फिका भाग नाहीसा होऊन पेशी लहान, गोल आणि गडद झालेल्या आढळतात. त्याच काचपट्टीवर, विशेषतः कानाच्या टोकाचे रक्त घेतले असेल तर, बॅबेसियाही दिसू शकतो. सूक्ष्मदर्शक आणि ते पाहण्याची सवय असलेला डॉक्टर एवढ्या दोन गोष्टींवर निदानाचा मोठा भाग पार पडतो.

औषधांचा इतिहास त्या मानाने तरुण आहे. कॉर्टिसोन माणसाला पहिल्यांदा दिले गेले 1948 साली, अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये, आणि त्याच्याशी निगडित शोधांना 1950 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1955 च्या सुमारास प्रेडनिसोलोन आले, आणि आजही कुत्र्याच्या या रक्तक्षयावर पहिले औषध तेच आहे. जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून अॅझाथायोप्रिन आले. रॉय काल्न यांनी 1960 नंतर मूत्रपिंड रोपणाचे जे प्रयोग केले त्यात ते कुत्र्यांवरच तपासले गेले, आणि मग माणसांना मिळाले. माणसाच्या अवयवरोपणाचा पाया कुत्र्यांच्या प्राणांवर घातला गेला आहे. ते ऋण विसरण्यासारखे नाही. पुढे सायक्लोस्पोरिन आणि मायकोफेनोलेट आले. ही सगळी माणसांचीच औषधे असल्याने तालुक्याच्या गावातल्या औषधाच्या दुकानातूनही मागवता येतात. शिरोळच्या मालकाची अडचण औषध मिळण्याची फारशी नाही; निदानाची, रक्ताची आणि कित्येक महिने टिकून राहण्याची आहे.

रक्त देण्याच्या बाबतीत कुत्र्याचा मान पहिला आहे. ऑक्सफर्डला रिचर्ड लोअर यांनी 1665 साली एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्या कुत्र्याच्या शिरेत घातले आणि रक्तस्रावाने मरणाच्या दारात गेलेले ते कुत्रे सावरले. रक्तसंक्रमणाच्या इतिहासातले पहिले यशस्वी पाऊल हे. 1950 च्या दशकात स्विशर आणि यंग यांनी अमेरिकेत कुत्र्यांचे रक्तगट लावले. माणसाच्या अंगात असतात तशी मुख्य परगटाविरुद्धची नैसर्गिक प्रतिपिंडे कुत्र्याच्या अंगात नसतात; म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच रक्त घेणाऱ्या कुत्र्याला तातडीच्या प्रसंगी गट न तपासताही रक्त देता येते आणि ते बहुधा निभावते. दुसऱ्यांदा मात्र जुळणी तपासल्याशिवाय देऊ नये. या आजारात रक्त दिल्याने रोग बरा होत नाही, पण औषधाचा गुण यायला जे चार-सहा दिवस लागतात, तेवढे दिवस कुत्र्याला जगवता येते. मोठ्या शहरांत पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे आणि काही खाजगी रुग्णालयांकडे रक्ताची सोय आहे. तालुक्याच्या गावात मालकाला दाता स्वतः शोधावा लागतो, तोही रात्रीतून, ओळखीपाळखीने आणि मोबाइलवरच्या निरोपांनी.

2019 साली अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने या आजाराचे निदान आणि उपचार यांविषयी दोन सविस्तर मार्गदर्शके प्रसिद्ध केली. त्यांत एक निष्कर्ष भारतीय मालकासाठी मोलाचा आहे. कुत्र्यामध्ये कोणत्या संसर्गामुळे हा आजार भडकतो याचा पुरावा तपासला असता, सर्वांत भक्कम पुरावा बॅबेसिया गिब्सोनायविषयी मिळाला. म्हणजे 1910 साली मद्रासला सापडलेला तोच परजीवी. परदेशातल्या मार्गदर्शकांत ज्याला कारण सापडत नाही असा आजार गृहीत धरून बरेचसे लिहिलेले असते; कॉकर स्पॅनियलसारख्या जातींत तो तसा येतोही. कृष्णाकाठच्या कुत्र्यात मात्र आधी गोचिडीचे रोग शोधले पाहिजेत. बॅबेसिया असताना नुसते स्टेरॉइड दिले, तर संसर्ग आत वाढत राहतो. आणि संसर्गावर औषध देऊनही पेशी फुटणे थांबत नसेल, तर प्रतिकारशक्ती दाबल्याशिवाय कुत्रे वाचत नाही. हा निर्णय अवघड आहे आणि डॉक्टरनेच घ्यायचा आहे, पण तो का अवघड आहे हे मालकाला समजावून सांगितलेच पाहिजे.

कोल्हापूरकडच्या स्वयंपाकघरामुळे इथे आणखी एक प्रश्न विचारणे भाग आहे. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, मग ते कच्चे असोत वा शिजलेले. उरलेला तांबडा रस्सा भाकरीवर घालून कुत्र्याला देण्याची सवय घरोघर आहे. अशाने झालेला रक्तक्षय वरवर सारखाच दिसतो. त्याचा उपचार वेगळा असतो आणि बरे होण्याची शक्यताही अधिक असते. म्हणून गेल्या आठवड्यात कुत्र्याने काय खाल्ले, कोणती गोळी दिली, कधी लस टोचली, हे मालकाने आठवून सांगणे हा निदानाचा भाग आहे. लोहाचे टॉनिक, बीट आणि डाळिंबाचा रस यांनी या आजारात उपयोग होत नाही, कारण शरीरात लोह कमी पडलेले नसते.

उपचार सुरू झाल्यावर मालकाची खरी कसोटी लागते. प्रेडनिसोलोनने कुत्र्याला खूप तहान लागते, ते रात्रीतून अनेकदा लघवीला उठते, सतत खायला मागते, धापा टाकते, पाठ आणि मांड्या सुकतात, पोट सुटते. हे औषधाचे परिणाम आहेत आणि मात्रा उतरली की बहुतेक ओसरतात, एवढे एक वाक्य कोणी सांगितले नाही तर मालक घाबरून गोळ्या बंद करतो. तसे करण्यात मोठा धोका आहे. मात्रा रक्त तपासत तपासत, साधारण तीन ते सहा महिन्यांत, पायरीपायरीने उतरवायची असते. या आजारात कुत्री पुष्कळदा रक्त कमी पडल्यापेक्षा फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून जातात. त्यासाठी क्लोपिडोग्रेलसारखी गुठळी रोखणारी औषधे देतात. रक्त कमी असताना रक्त पातळ करणारी गोळी का, हा प्रश्न प्रत्येक मालकाला पडतो आणि त्याचे उत्तर त्याला मिळायला हवे.

शिरोळमध्ये या महिन्यांना पुराचाही हिशेब जोडावा लागतो. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी तालुक्याने महापूर पाहिला. नृसिंहवाडी, कुरुंदवाड यांचे रस्ते पाण्याखाली गेले, वस्त्या उठल्या, जनावरे छावण्यांत हलवावी लागली. एकाही दिवसाची गोळी चुकवता येत नाही अशा कुत्र्याच्या घरी पावसाळ्यापूर्वीच महिन्याभराचे औषध, मात्रेची चिठ्ठी आणि शेवटचा रक्ताचा अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला असावा. स्थलांतराच्या गर्दीत ही पिशवी हाताशी असली म्हणजे छावणीतल्या कोणत्याही पशुवैद्याला उपचार तिथूनच पुढे चालवता येतो.

आजारी प्राण्याच्या मालकाचा भार हा अभ्यासाचा विषय आहे, हे जगालाही उशिराच उमगले. अमेरिकेत डेव्हिस येथील विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय विभागाने 1989 साली पाळीव प्राणी गमावलेल्यांसाठी दूरध्वनीवरून आधार देण्याची सेवा सुरू केली. 2017 साली मेरी बेथ स्पिट्झनेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दीर्घ आजारी प्राण्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसांवर ताण आणि उदासीनता यांचा भार निरोगी प्राण्यांच्या मालकांपेक्षा स्पष्टपणे जास्त असतो. आपल्याकडे हा भार दुहेरी आहे, कारण तो बोलून दाखवण्याची सोय नाही. कुत्र्यासाठी इतका पैसा घातला असे शेजारी म्हणतात, आणि कुत्रे गेले तर दुसरे आणा असे नातेवाईक म्हणतात. घरातल्या मुलांनी वाढवलेले जनावर सात दिवसांत हातचे जाते आणि त्या दुःखाला गावात जागा नसते. ज्या समाजाने दत्ताच्या पायाशी कुत्र्याला स्थान दिले, त्याने अशा घराचे सांत्वन करायला लाजण्याचे कारण नाही.

डॉक्टरने पहिल्याच दिवशी तीन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात: वाचण्याची शक्यता किती, पुढच्या दोन आठवड्यांत आणि नंतर साधारण किती खर्च येईल, आणि कुठल्या टप्प्यावर थांबणे हेच दयेचे ठरेल. ज्याला खर्च झेपत नाही त्याने उपचार थांबवला तर तो क्रूर ठरत नाही. शिक्षित हातांनी दिलेले वेदनाहीन मरण हा कायद्याने आणि वैद्यकाने मान्य केलेला मार्ग आहे, आणि तो निवडणाऱ्या मालकाला कोणी दोष देऊ नये. वाचलेल्या कुत्र्याच्या मालकालाही पुढे वर्षानुवर्षे हिरड्यांचा रंग पाहत राहावे लागते, कारण हा आजार काही कुत्र्यांत परत उलटतो.

रक्तदानाची शिबिरे या तालुक्याला नवी नाहीत. जयंत्यांना, वाढदिवसांना तरुण मंडळे ती नेमाने भरवतात. कुत्र्यांसाठी तशी एक यादी करणे अवघड नाही. दाता कुत्रा एक ते आठ वर्षांचा, पंचवीस किलोच्या वरचा, निरोगी, लसीकरण पूर्ण झालेला आणि गोचिडीच्या रोगांपासून मुक्त असला पाहिजे, आणि त्याला स्वतःला कधी रक्त चढवलेले नसावे. मळ्यावरची धिप्पाड राखणीची कुत्री, घरोघरचे लॅब्राडोर यांतून असे दाते सहज मिळतील. ज्यांच्याकडे असे कुत्रे आहे त्यांनी त्याच्या रक्ताची एकदा तपासणी करून घ्यावी आणि त्याचे नाव, वजन व आपला फोन क्रमांक आपल्या पशुवैद्याकडे आजच नोंदवून ठेवावा.